नेहमीचा गॅस: आधी कारण शोधा, मग औषध

आम्ही गोदाकाठची माणसे कांद्यावर जगतो. सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याच्या ट्रॉल्या रांगेने लागतात, चाळीत उन्हाळ कांदा भरलेला असतो आणि भाव पडला की घरातले बोलणेही कमी होते. स्वयंपाकघरात तर कांद्यावाचून पान हलत नाही. सालन कांद्याचे, बिर्याणीवर तळलेला कांदा, कबाबाबरोबर कच्चा कांदा आणि शेतावर भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा. याच घरांत एक तक्रारही रोजची आहे. पोट फुगते, दुपारनंतर सलवारीची नाडी घट्ट वाटते, पोटात गुडगुडते, ढेकर येतात, रात्री धड झोप लागत नाही. या सगळ्याला आपण एकच नाव देऊन मोकळे झालो आहोत: गॅस.

एकदा 'गॅस' म्हटले की पुढचे सगळे ठरलेले असते. मेडिकलमधून पुडी आणायची, पाण्यात टाकायची, फेस उतरण्याआधी पिऊन टाकायची. नाहीतर सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी. कित्येक घरांत ही गोळी वर्षानुवर्षे चालू आहे आणि ती कोणी लिहून दिली होती हे आता कोणाला आठवतही नाही. पुडीने तासाभराचा आराम मिळतो, पण दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा तसेच. कारण पोट फुगणे हे एका आजाराचे नाव नाही. त्यामागे दहा वेगवेगळी कारणे असू शकतात. त्यांतली बहुतेक साधी, घरच्या घरी सुटणारी असतात. एखाद-दुसरे मात्र असे असते की उशीर केला तर जिवावर बेतते. म्हणून या महिन्यात हा विषय थोडा सविस्तर मांडत आहोत.

पोटात वायू येतो कुठून?

पोटात वायू असणे हा दोष नाही. निरोगी माणसाचा वायू दिवसातून 10 ते 20 वेळा सरतो. तो दोन वाटांनी येतो. एक, खाता-पिताना आपण गिळलेली हवा. भराभर जेवणे, जेवताना बोलणे, सोडा आणि थंड पेये पिणे, सतत सुपारी-गुटखा चघळणे यांनी ती वाढते आणि बहुतेक ढेकरांतून बाहेर पडते.

दुसरी वाट मोठ्या आतड्याची. तिथे अब्जावधी जिवाणू राहतात. आपल्याला जे पचले नाही ते त्यांचे अन्न. ते अन्न ते आंबवतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन हे वायू तयार होतात. इडलीचे पीठ रात्रभरात फुगून पातेल्याबाहेर येते, तसेच काहीसे आत घडते. हे जिवाणू आपले शत्रू नाहीत, ते आतड्याचे रक्षणही करतात. प्रश्न इतकाच की त्यांच्यापुढे किती अन्न जाते आणि आपले आतडे किती नाजूक आहे. काही माणसांच्या आतड्यातल्या नसा अधिक हळव्या असतात. शेजारच्याला जेवढा वायू कळतही नाही, तेवढ्यानेच त्यांना कळ येते. 'तुझे नेहमीचेच रडगाणे' असे घरातल्या सुनेला किंवा मुलीला म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे. तिचे दुखणे खरे असते.

कांदा, गहू, डाळ आणि दूध

ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी 2005 च्या सुमारास अशा न पचणाऱ्या, आंबणाऱ्या शर्करांना 'फॉडमॅप' असे एकत्र नाव दिले आणि कोणत्या अन्नात त्या किती आहेत हे मोजायला सुरुवात केली. त्यांच्या यादीत कांदा आणि लसूण अगदी वरच्या ओळीत येतात.

याचे कारण कांद्याच्या घडणीत आहे. बटाटा आपली शिदोरी पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या रूपात साठवतो. कांदा ती फ्रुक्टान नावाच्या शर्करेच्या रूपात साठवतो. स्टार्च पचवणारे रस माणसाच्या पोटात आहेत. फ्रुक्टान तोडणारा रस मात्र कोणाच्याच पोटात नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे आंबतो. गव्हातही फ्रुक्टान असतो. कांद्याइतका नसला तरी रोज पाच-सहा चपात्या किंवा पाव खाणाऱ्याच्या पोटात एकूण भरपूर जातो. आमच्या निफाड तालुक्यात कांदाही पिकतो आणि गव्हाचे संशोधन केंद्रही आहे, त्यामुळे या दोन्ही गोष्टी आमच्या ताटात जन्मापासून आहेत.

हरभरा, राजमा, वाटाणा, चवळी यांत याच जातीची दुसरी शर्करा असते. म्हणून बेसनाच्या भजींनी आणि चण्यांनी पोट तट्ट होते. दुधातली शर्करा पचवणारा रस लहानपणी भरपूर असतो, मोठेपणी तो अनेकांत कमी होत जातो. अशा माणसाला चहापुरते दूध सोसते, पण मोठा पेलाभर दूध किंवा वाडगाभर शीरखुर्मा घेतला की दोन तासांत पोट ढवळते. दह्यात ही शर्करा बरीच कमी झालेली असते, म्हणून अनेकांना दही चालते. आंबा, सफरचंद, कलिंगड यांत फळांची साखर जास्त असल्याने तीही काहींना बाधते.

आता आपल्या दावतीचे ताट डोळ्यांसमोर आणा. बिर्याणीत कांदा आणि लसूण, दालच्यात डाळ, बरोबर नान, वर कांद्याची कचुंबर, शेवटी दुधाची खीर. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, मटण बाधले. वास्तविक मटणात आंबणारी शर्करा नसतेच. तूप आणि चरबीमुळे पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि जडपणा येतो, हे खरे. पण वायू तयार होतो तो कांदा, गहू, डाळ आणि दुधापासून, आणि ही सगळी मंडळी एकाच जेवणात एकत्र आलेली असतात.

याचा अर्थ कांदा वाईट असा नाही. ज्याला तो पचतो त्याने खुशाल खावा. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना तो पोसतो. ज्याला रोज त्रास होतो त्याने मात्र आपले पोट कशावर बिघडते हे तपासून पाहावे.

एक वही, एक महिना

तपासण्याची रीत सोपी आहे. त्यासाठी एक वही पुरे. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त लिहावे: काय खाल्ले, किती वाजता, पोट कधी फुगले, शौचाला कसे झाले. बायकांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. पाळीपूर्वीच्या दिवसांत पोट फुगणे अनेकींना होते आणि ते अन्नामुळे नसते.

नंतर दोन आठवडे कांदा आणि लसूण पूर्ण बंद. तयार मसाले, चिप्स, सूपच्या पाकिटांतही कांदा-लसणाची पूड असते, तीही बंद. दुसरे काही बदलू नये. एका वेळी चार गोष्टी सोडल्या तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही. फरक पडला, तर तिसऱ्या आठवड्यानंतर थोडा कांदा पुन्हा खाऊन पाहावा. त्रास परत आला तर कारण सापडले. आपल्याला किती सोसते हेही त्यातूनच कळते. अनेकांना चमचाभर शिजलेला कांदा चालतो, वाटीभर चालत नाही. फरक पडला नाही, तर कांदा निर्दोष. मग याच पद्धतीने दूध, त्यानंतर कडधान्ये तपासावीत.

तीन गोष्टी सांभाळाव्यात. हे पथ्य जन्मभरासाठी नाही, कारण सापडेपर्यंतच आहे. लहान मुले, गरोदर बायका आणि आधीच अशक्त असलेली माणसे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्न तोडू नये. आणि गहू मनाने सोडू नये. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिअॅक नावाचा एक आजार आहे. त्याची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खरा निकाल देते. आधीच चपाती सोडली तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही.

चव न सोडता

कांदा-लसणाशिवाय सालन कसले, असे कोणीही विचारील. इथे एक उपयोगी गोष्ट आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात मंद आचेवर परतून, पाणी किंवा टोमॅटो घालण्यापूर्वी त्या काढून टाकाव्यात. वास आणि चव तेलात राहते, त्रास देणारा भाग पाकळीबरोबर निघून जातो. रस्सा शिजल्यावर मात्र कांद्याच्या फोडी बाजूला काढून उपयोग नाही. तोपर्यंत फ्रुक्टान रश्श्यात उतरलेला असतो.

पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वापरली तर कांद्याची चव मिळते आणि ती बहुतेकांना सोसते. हिंग, आले, जिरे, पुदिना, कोथिंबीर यांनी सालनाला जीव येतो. चपातीऐवजी काही दिवस भात किंवा ज्वारीची भाकरी खावी. हरभरा, राजमा रात्रभर भिजत घालून ते पाणी ओतून द्यावे आणि नव्या पाण्यात नीट मऊ शिजवावे.

रमजानचे ताट

रमजानमध्ये तक्रारी वाढतात, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. दोष रोज्याचा नाही, इफ्तारच्या दहा मिनिटांचा आहे. दिवसभर रिकामे असलेल्या पोटात भजी, चणे, कलिंगड, दुधाचे सरबत आणि बर्फाचे पाणी एकदम पडते, तेही अजान आणि मगरिब यांच्यामधल्या घाईत. हवा गिळली जाते ती वेगळीच. त्यानंतर तरावीहमध्ये उभे राहणे जड जाते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो: पाठ ताठ ठेवण्यापुरते घास माणसाला पुरेसे आहेत आणि जास्त खायचेच असेल तर पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा. पोटाच्या विकारावरचा कोणताही डॉक्टर यापेक्षा वेगळे सांगणार नाही. खजूर आणि पाण्याने रोजा सोडावा, मगरिब पढून यावी आणि मग शांतपणे बसून, चावून जेवावे. मधल्या या थोड्या वेळात पोट जागे होते आणि भूकही अर्धी शमते.

घरातल्या बायकांचा प्रश्न इथेच येतो. सर्वांना वाढून झाल्यावर त्या जेवतात, उभ्या-उभ्या, पाच मिनिटांत, उरलेसुरले. द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या भगिनी तर आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पितात आणि शौच दाबून ठेवतात. मल आत साठला की तो जास्त वेळ आंबतो आणि वायूला पुढे जायला वाट राहत नाही. जुनाट बद्धकोष्ठ हे पोट फुगण्याच्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. पुरेसे पाणी, सकाळची ठरलेली वेळ, रोजचे चालणे आणि इसबगोल यांनी पुष्कळांना उतार पडतो. दस्तरख्वानावर सर्वांनी एकत्र बसावे, हा या घरचा औषधोपचारच समजावा.

गोळ्यांमुळे होणारा गॅस

मधुमेहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून पोट बिघडले, असे कितीतरी जण सांगतात. त्यात तथ्य असते. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट फुगते आणि जुलाब होतात. ती जेवणाबरोबर घेतली किंवा डॉक्टरांनी सावकाश विरघळणारी गोळी दिली तर त्रास कमी होतो. व्होग्लिबोज आणि अकार्बोज या गोळ्यांचे कामच पिष्टाचे पचन लांबवण्याचे असल्याने त्यांनी वायू होतोच. लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट होतो. सांधेदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला इजा करतात. यांतली कोणतीही नेहमीची गोळी परस्पर बंद करू नये, पण 'ही गोळी सुरू झाल्यापासून असे होते' हे वाक्य डॉक्टरांसमोर जरूर बोलावे.

पुरानंतरचे पोट

गोदावरीचा पूर सायखेडा-चांदोरीला नवा नाही. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी गावात शिरले होते. पूर ओसरला की जुलाब, आव यांची साथ येण्याची भीती असते. साथ गेली तरी एक गोष्ट मागे राहू शकते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कॅनडातल्या वॉकर्टन या छोट्या गावात मे 2000 मध्ये मुसळधार पावसाने गुरांचे शेण गावच्या विहिरीत उतरले. 2,300 हून अधिक लोक आजारी पडले, सात जण दगावले. डॉक्टरांनी पुढे अनेक वर्षे त्या गावाची तपासणी केली. ज्यांना त्या वेळी तीव्र जुलाब झाले होते, त्यांच्यातल्या पुष्कळ जणांचे पोट नंतरही दुखत आणि फुगत राहिले. जंतू गेले होते, पण आतडे हळवे झाले होते. या विकाराला आयबीएस म्हणतात. पोटदुखी आणि शौचाच्या सवयीत बदल अशी जोडी महिनोन्महिने राहणे ही त्याची खूण. त्याने आतडे सडत नाही, त्यातून कर्करोग होत नाही आणि पथ्य व औषधांनी तो आटोक्यात राहतो. दूषित पाण्यातून येणारा जिआर्डिया हा परजीवीही आठवडेच्या आठवडे पोट फुगवतो. तो मळाच्या तपासणीत सापडतो आणि औषधाने जातो. म्हणून नदीकाठच्या घरांनी पुराच्या दिवसांत पाणी उकळूनच प्यावे, आणि 'पुरानंतर माझे पोट असे झाले' हे डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

वजू टिकत नाही म्हणून

या आजाराची एक बाजू फक्त आपल्याच घरांत कळते. वायू सरला की वजू जातो. ज्याचे पोट सतत फुगलेले असते तो नमाजभर वायू दाबून धरतो. त्याने पोटात कळ येते आणि लक्ष नमाजमध्ये राहत नाही. काही जण चारचौघांत अवघड होईल म्हणून मशिदीत जाणे सोडतात. बायका तीन-तीनदा वजू करतात आणि कोणाला सांगत नाहीत.

दीनने ही अडचण ओळखली आहे. हाजत दाबून नमाजला उभे राहू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. नुसत्या शंकेने वजू जात नाही, आवाज किंवा वास यांनी खात्री झाली तरच तो गेला असे समजावे, हेही हदीसमध्येच आहे. आणि एका फर्ज नमाजची पूर्ण वेळ निघून जाते तरी वजू करून नमाज पढण्याइतकीही उसंत ज्याला मिळत नाही, त्याच्यासाठी हनफी फिक्हमध्ये माजूरचा हुकूम आहे. असा माणूस प्रत्येक नमाजच्या वेळेला एक वजू करतो आणि ती वेळ संपेपर्यंत त्या कारणाने त्याचा वजू जात नाही. याच्या अटी आहेत, त्या आपल्या इमामांना किंवा मुफ्तींना विचारून घ्याव्यात. विचारण्यात कसली शरम? भगिनींना थेट विचारणे जड जात असेल तर पतीमार्फत, भावामार्फत विचारावे. बरोबरीने उपचारही करावा, कारण सवलत मिळाली म्हणून दुखणे अंगावर काढणे शहाणपणाचे नाही.

याला गॅस समजू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. पुढील लक्षणे असतील तर पुडी नको, वही नको, सरळ डॉक्टर गाठावा.

छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, बरोबर घाम, धाप, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ: हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. 'गॅस असेल, सकाळी बघू' या एका वाक्याने कितीतरी कर्ती माणसे गेली आहेत. मधुमेही माणसाला तर काही वेळा छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ आणि अस्वस्थता असते. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णालयात जावे.

वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, अंगात रक्त कमी होणे, घास अडकणे, वारंवार उलट्या, त्रासाने रात्री झोपेतून जाग येणे, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणे: यांचीही तपासणी हवीच.

आणि बायकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहितो. चाळिशी-पन्नाशीनंतर नव्यानेच पोट फुगू लागले, ते जवळजवळ रोज फुगते, दोन घासांत पोट भरते, ओटीपोटात दुखते, लघवीला वारंवार जावे लागते, तर ते अंडाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. ब्रिटनमधील डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शनात अशी लक्षणे महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा दिसली तर, विशेषतः पन्नाशीपुढच्या स्त्रीची, रक्ताची सीए-125 तपासणी करावी असे म्हटले आहे. तिच्यात वाढ दिसली की सोनोग्राफी. अशा बहुतेक बायकांना कर्करोग नसतो. पण ज्यांना असतो त्यांच्यातल्या अनेकींचा तो उशिरा सापडतो, कारण तोवर त्या 'गॅस आहे' म्हणून ओवा खात बसलेल्या असतात. सोनोग्राफी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात होते. अम्मी 'मला काही झाले नाही' म्हणणारच. तिच्याबरोबर मुलाने किंवा मुलीने जावे, तिला एकटीला पाठवू नये.

डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. गर्दीच्या ओपीडीत रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. त्यात 'गॅस होतो' एवढेच सांगितले तर गोळीच मिळणार. कधीपासून, किती वेळा, कशाने वाढते, वजन किती घटले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढे लिहिलेले पुढे ठेवले तर डॉक्टरही थांबून विचार करतात. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शाळेत जाणाऱ्या नातवाने लिहावे. आजपासूनच सुरुवात करावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीचे नाव घालावे.